वेदीपाशी बांधलेली कोंबडी

शिरूर
२२ ऑक्टोबर १९७३

सोजरे,

तुला आणि तुझ्या घरच्यांना सलाम. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही तुझ्या ओळी उजवीकडे वर चढत जातात. लहानपणी त्यासाठी तू माझ्या किती पट्ट्या खाल्ल्यास, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मुलगा झाला, पाच महिन्यांचा झाला, हे वाचून आनंद वाटला. देव त्याला उदंड आयुष्य देवो. पहिलं बाळ गेल्याचं तू लिहिलं आहेस. ‘तुला कळलंच नसेल, आक्का,’ असं म्हणतेस ते खरं आहे. मला काहीच कल्पना नव्हती. वाचून फार वाईट वाटलं.

आता तू विचारलंस त्याविषयी. सुगीच्या उपकारस्तुतीच्या सणाला बाळाला घेऊन शिरूरला यावं, पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, अशी तुझी इच्छा आहे. यंदा येऊ नकोस. राग मानू नकोस, कारण सांगते. सणाच्या आधीचा आठवडा ख्रिस्ती कुटुंब सप्ताह आहे आणि सणाच्याच रविवारी, चार नोव्हेंबरला, भर उपासनेत मला बोलायचं आहे. विषय आहे, ‘आईने मुलांना देवाच्या भयात कसं वाढवावं’. पाळकसाहेब म्हणाले, कस्तुराबाई, तुमच्या घराकडे बघूनच विषय ठरवला. आता मी तिथे उभी राहून बोलणार, आणि समोरच्या बाकावर तू. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी पंधराची. तुला मीच वाढवलं हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. मग तू रजिस्टर पद्धतीने, मंडळीबाहेर लग्न केलंस हेही ठाऊक आहे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पुढच्या वर्षी बघू.

इकडे सगळे ठीक. हे दवाखान्यात कंपाउंडरच आहेत, मी शाळेत. सुवार्ता नऊ वर्षांची झाली, धाकटा मुलगाही मोठा होतोय. आपल्या घरचा जुना नियम मी मोडलेला नाही. संध्याकाळी वचन म्हटल्याशिवाय ताट वाढत नाही. सुवार्ताला दोनशेच्या वर वचनं पाठ आहेत, संदर्भासकट. दुष्काळाच्या वर्षी तिने रेशनच्या मिलो ज्वारीच्या दाण्यांवर एक पिल्लू जगवलं. त्याची आता चांगली कोंबडी झाली आहे. ती देवाला द्यायची असं तिचं तिनेच ठरवलं.

या पत्रावरचा पत्ता तिनेच लिहिला आहे. अक्षर बघ आणि सांग.

तुझी आक्का


शिरूर
५ नोव्हेंबर १९७३, सोमवार

सोजरे,

सुवार्ताला तिच्या बाबांबरोबर ताबडतोब पाठवून दे. हे आज सकाळीच तुझ्या यजमानांबरोबर तिकडे निघाले; माझं पत्र पोचेतो कदाचित बापलेक परतही आली असतील. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

काल काय झालं ते तुला तिने तिच्या परीने सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

चर्च गच्च भरलं होतं. गेल्या वर्षी वेदीपुढच्या टेबलावर दान म्हणून दोन पायल्या मिलो आणि एक वाळका दुधी होता. काल टेबल दिसत नव्हतं. बाजरीची कणसं, भोपळे, शेंगा, मक्याच्या पेंढ्या. दाराजवळ कुणीतरी बोकड आणून बांधला होता. एकेक कुटुंब पुढे जाऊन दान ठेवत होतं. सुवार्ता कोंबडी काखेत घेऊन एकटी गेली. मी पेटीशेजारी मुलांच्या गाण्याला उभी होते. तिने कोंबडीचा पाय सुतळीने टेबलाच्या पायाला बांधला आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, प्रार्थना करतेय. मग वळली आणि मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर गेली. मला वाटलं, परसाकडे गेली असेल.

त्यानंतर मी बोलायला उठले. पाऊण तास बोलले, सोजरे. लोक माना डोलवत होते. मुलांना वचन द्या, शिस्त द्या, त्यांना देवाच्या वाटेवर चालतं करा, असं मी सांगत होते, आणि माझी मुलगी त्या वेळी एस.टी. स्टँडच्या वाटेवर होती. मधूनमधून कोंबडी ओरडायची आणि पोरं हसायची, त्याचाच मला राग येत होता.

उपासनेनंतर आलेल्या दानांचा लिलाव सुरू झाला. कोंबडीची पाळी आली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची? सुवार्ता कुठेच नाही. शाळेत नाही, घरी नाही, मैत्रिणींकडे नाही. चर्चचा राखणदार बन्सी, त्याने कुणाला न विचारता मागच्या विहिरीत गळ टाकला. तो गळ खाली जाताना मी बघत होते. तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नाही. बायकांना तास-तास प्रार्थना करायला शिकवणारी मी, विहिरीच्या काठावर नुसती बसून राहिले. गळ रिकामाच वर आला.

दिवे लागायच्या वेळेला तुझे यजमान मच्छिंद्रराव दारात उभे राहिले. मी लग्नाला आले नव्हते, तरी लगेच ओळखलं.

‘आक्का, पोरगी सुखरूप हाय,’ ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. ‘सोजराच्या मांडीला मांडी लावून बसलीया. तुमी जिवाला घोर लावून घेऊ नगा.’

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी सांगितलं ते असं: पोरगी एस.टी.त एकटी चढली. शेजारी भांडगावच्या कुणी बाई होत्या, शिरूरला लेकीकडे येऊन परत निघालेल्या. त्यांनी विचारलं, कुठं चाललीस गं? ही म्हणाली, दौंडला, मावशीची माफी मागायला. त्या बाईंनी हिचं तिकीट काढलं. चौफुल्याला त्यांची वाट वेगळी होत होती, पण त्या घरी गेल्या नाहीत. हिला घेऊन दौंडच्या गाडीत बसल्या आणि पत्ता विचारत विचारत रेल्वे क्वार्टर्समध्ये तुझ्या दारापर्यंत आल्या. ‘मी म्हनलं, चा तर घ्या,’ तुझे यजमान सांगत होते. ‘तर म्हनल्या, न्हाई बाबा, माफी मागायला निगालेलं लेकरू पोचवलं, माजी एकादशी झाली.’

का गेली, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ‘तिला देवाचं वचन घावलं म्हनं. दान ठिवायला गेली आन् आठवलं, की कुणाचं तरी मन आपल्यापायी दुखलंय. मग दान तितंच ठिवून आदी समेट करायचा आसतुया, आसं तुमीच शिकीवलं म्हनती.’

मीच शिकवलं. आदल्या रविवारी, शब्बाथ शाळेत, फळ्यावर चित्र काढून. बावीस मुलांनी ते वचन घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांतलं एक उठून चालू लागेल हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

आता मला हे कळव, तिने कसली माफी मागितली? काय सांगितलं तुला? मुलं काहीही मनाने रचतात. सहा वर्षांची असतानाचं कुणाला काय आठवतं.

उत्तर लगेच पाठव.

कस्तुरा


शिरूर
९ नोव्हेंबर १९७३

सोजरे,

हे परवा एकटेच परत आले. तुझ्या हातची कापण्यांची पुडी मला दिली, चहा प्यायले, आणि मग विचारलं, ‘सत्तर सालच्या नाताळात मच्छिंद्र आपल्या दारी आला होता?’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी हो म्हणाले. त्यांनी कप विसळून ठेवला आणि दवाखान्यात गेले.

रात्री जेवताना बाकीचं सांगितलं. मच्छिंद्ररावांनी त्या वेळी तुला येऊन सांगितलं होतं, की शिरूरला घराला कुलूप होतं, सगळे सणाला गावी गेले असतील. तुझं बाळ गेलेलं, आणि वर बहिणीने येणं नाकारलं हे तुला कळू नये म्हणून. हे म्हणाले, ‘तीन वर्षं तो माणूस तुझी लाज झाकून बसला, कस्तुरा. आन् तू त्याच्या लग्नाला पाप म्हणत हिंडलीस.’

म्हणजे तुझ्या पत्रात जे लिहिलं होतं, ‘तुला कळलंच नसेल, आक्का,’ ते तू खरंच मानत होतीस. मला वाटलं होतं, तू मला टोमणा मारतेस किंवा पळवाट देतेस. मी ती पळवाट घेतली. मला काहीच कल्पना नव्हती, असं तुला लिहिलं, आणि वर तुझा पत्ता माझ्या मुलीच्या हातून लिहून घेतला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेत फळ्यावर लिहिते.

काल सुवार्ताचं कार्ड आलं. तू ते पाहिलं असशील, तरी उतरवून काढते, कारण कालपासून मी ते दहा वेळा वाचलं आहे.

‘आई, सलाम. मी मजेत आहे. मी मावशीला सगळं खरं सांगितलं. मावशी खूप रडली आणि मग मला माफ केलं. मी विचारलं, आईला पण केलंस का. मावशी म्हणाली, ज्याचं त्याने मागावं लागतं. बाळ माझ्याकडे राहतं. काका मला इंजिन दाखवायला शेडमध्ये नेणार आहेत. तू कधी येतेस? कोंबडीला पाणी ठेव.’

हे वाचल्यावर काय वाटलं ते तुला सांगायचा प्रयत्न करते. भीती वाटली. मुलगी हरवल्याची नव्हे, दुसरीच. मी समजत होते, मी या मुलांच्या डोक्यात वचनं भरते आहे; म्हटलं की ताट वाढायचं, चुकलं की पुन्हा म्हणायचं. आणि त्यातलं एक वचन तिच्या आत जाऊन जिवंत झालं, उठून बसलं, आणि तिला दाराबाहेर घेऊन गेलं. मला न विचारता. ते तिथे होतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. तिच्या झोपलेल्या तोंडाकडे मी किती वेळा पाहिलं असेल, आणि तीन वर्षं ती ते ओझं घेऊन झोपत होती. मी वाढवली म्हणून मिरवत होते, पण तिला वाढवणारा दुसराच कुणी घरात होता. माझ्या अंगावर काटा येतो, सोजरे. देवळात इतकी वर्षं बसून असा काटा कधी आला नव्हता.

आणि तुझं. यांनी सांगितलं, तुझ्या घरी दिवाबत्ती झाली की तू प्रार्थनेला बसतेस, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, आणि मच्छिंद्रराव हातपाय धुऊन शेजारी गप्प बसतात. त्यांचा विश्वास वेगळा, पण तुझ्या प्रार्थनेत ते हू की चू करत नाहीत. मी तुला जी चाल शिकवली होती तीच चाल, आणि शेवटी नावं घेतेस: आक्का, भावजी, सुवार्ता, धाकटा. रोज. पाच वर्षं. ‘मी माझं नाव तिथे ऐकलं,’ हे म्हणाले.

तू बिघडलीस, वाया गेलीस, असं मी शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत सांगितलं. मंडळीच्या पटावरून तुझं नाव कमी करावं, असं पंचांच्या सभेत पहिल्यांदा कोण बोललं हे तुला माहीत नसेल. मी बोलले. माझ्या हातून देवाचं एकही लेकरू हरवलं नाही असं मी मानत होते, आणि त्यातलंच एक मी स्वतः पटावरून खोडून आले.

कोंबडी पाळकसाहेबांच्या परसात आहे. त्यांनी तिचा लिलाव केला नाही. म्हणाले, दान ठेवणारी समेट करून परत येईल तेव्हा ते दान होईल. तोवर नुसती कोंबडी आहे. रोज एक अंडं देते आहे.

यांनी मला तिकडे चल म्हणून एकदाही म्हटलं नाही. मी कारणं शोधते आहे. शाळा आहे, धाकट्याला पडसं झालंय. त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली एवढं लिहून हे पाकीट चिकटवावं असं वाटत होतं. पण ‘चूक झाली’ हे शाळेतल्या मुलांचं उत्तर आहे. चूक काय, हे लिहिलं नाही तर मी ते पुसून टाकायला लावते.

आज एवढंच जमतंय.

आक्का


शिरूर
१० नोव्हेंबर १९७३, शनिवार

सोजरे,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघते आहे, ते हातातच आणते. उद्या प्रभुभोजनाचा रविवार आहे. इतक्या वर्षांत मी एकही चुकवलेला नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, मी येणार नाही. ते म्हणाले, बरं झालं. इतका आदर त्यांनी मला आजवर दाखवला नव्हता.

मला तोंडाने सांगता येणार नाही हे मी जाणते. बोलायला मी पहिल्यापासून पटाईत आहे. दारात आले की काहीतरी चांगलं, वचनासकट बोलून जाईन आणि तू भोळी, ते ऐकून मला मिठी मारशील. म्हणून लिहून आणते आहे. सुवार्ताने हे मोठ्याने वाचावं. तिला यातलं निम्मं माहीत आहे, उरलेलंही तिने ऐकावं.

एकोणीस डिसेंबर १९७०. दुपारची वेळ होती. मी नाताळाच्या करंज्या तळत होते. सुवार्ता दारात खेळत होती. मच्छिंद्रराव आले. पायात धूळ, डोळे सुजलेले. म्हणाले, ‘आक्का, मी सोजराचा मालक. आमचं बाळ गेलं काल. ती निसती आक्का-आक्का करतीया. घास घेत न्हाई. तुमी चला माज्यासंगं, दोन दिस ऱ्हावा, मग मी सोता आनून पोचवतो.’

मी कढईपाशी होते. उठले नाही. मी म्हणाले, ‘घरात सण आहे. माझ्या हातात तळण आहे. आणि ज्याने त्याने आपल्या वाटेने गेल्यावर मागे वळून हाका मारू नयेत.’ हे शब्द असेच्या असे आहेत. मी ते विसरले, असं मला वाटत होतं; पण लिहायला बसले तर एकही शोधावा लागला नाही.

मी त्यांना बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. जाताना त्यांनी खिशातून राजगिऱ्याच्या वड्यांची पुडी काढून सुवार्ताच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘तुज्या मावशीनं दिल्यात.’ तू कुठली देणार होतीस त्या दिवशी. ती त्यांनी स्टँडवर घेतली असणार. ज्याचं लेकरू काल गेलं, तो माणूस दुसऱ्याच्या लेकरासाठी खाऊ घेऊन आला होता.

सुवार्ताने विचारलं, कोण होतं, आई? मी म्हणाले, पत्ता चुकलेला कुणी. मग तिला जवळ घेऊन सांगितलं, बाबांना यातलं काही सांगायचं नाही, कुणी आलं नव्हतं म्हणायचं. आणि पढवून घेतलं, सोजरे. वचन पढवून घ्यावं तसं, दोनदा म्हणायला लावलं. संध्याकाळी यांनी सहज विचारलं, आज कुणी आलं होतं का, तर ती सहा वर्षांची पोर म्हणाली, ‘कुणी आलं नव्हतं.’ मी तिचं ताट वाढलं.

मुलांना कसं वाढवावं यावर मी पाऊण तास बोलले. त्यात हे सांगायचं राहिलं.

रात्री मी करंज्या डब्यात भरल्या. तू तिकडे उपाशी होतीस. मला झोप लागली. तीही चांगली लागली, हे तुला सांगायला हवं, कारण मी रात्रभर तळमळले असं तुला वाटू नये.

आता मी तुझ्या दारात आहे. सुवार्ता वाचते आहे आणि मी बाहेर पायरीशी उभी आहे. आत ये म्हणण्याची घाई करू नकोस. मच्छिंद्ररावांनाही ऐकू दे. माफी आधी त्यांची मागायची आहे, मग तुझी, मग माझ्या मुलीची. तुला रागवायचं असेल तर रागव. लहानपणी तुला उलट बोलू दिलं नाही, आज बोल.

तुझ्या पहिल्या बाळासाठी मी देवाकडे एक शब्द मागितलेला नाही. आज पहाटे मागायला बसले आणि अडले. मुलगा होता की मुलगी, तेही मला माहीत नाही.

त्याचं नाव काय ठेवलं होतंस?

आक्का